गॅजेटची आवड, घर आणि प्रार्थना: अपराधी वाटण्याचं कारण नेमकं कुठे असतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही लहानपणापासून विश्वासात वाढलात, लग्न झालंय, दोन मुलं आहेत. नवीन फोन, घड्याळ, हेडफोन, टॅबलेट यांची मनापासून आवड आहे. सासरे म्हणतात, हा जगिक मोह आहे. पत्नीची तक्रार वेगळी आहे: घरातल्या प्रार्थनेलाही तुमच्या हातात फोन असतो. तुमचं म्हणणं, बायबल त्यातच तर आहे. मध्येच एक वाक्य जाता जाता टाकलंय की नवीन स्मार्टवॉच मागवलंय, घरी अजून सांगितलेलं नाही. आणि शेवटी विचारलंय, "ही आवड पाप आहे का? नसेल तर मला सारखं अपराधी का वाटतं?"

मी पाळकीय कामात बरीच वर्षं आहे आणि उपासनेचं साऊंड, प्रोजेक्शन, थेट प्रक्षेपण हेही माझ्याच गळ्यात आहे. त्यामुळे गॅजेटवेडे आणि त्यांना वैतागलेले असे दोन्ही पक्ष माझ्याकडे येतात. सरळ सांगतो: आवड पाप नाही. सासऱ्यांचा मुद्दा मला पटत नाही, पत्नीचा पटतो. आणि तुमचा अपराधीपणा वस्तूमुळे आलेला नाही, तो त्या जाता जाता टाकलेल्या वाक्यात आहे.

आधी सासऱ्यांचा मुद्दा. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या ३१व्या अध्यायात परमेश्वर मोशेला सांगतो की मी बसालेलला माझ्या आत्म्याने भरलं आहे. कशासाठी? सोनं, रुपं, पितळ घडवण्यासाठी, रत्नं पैलू पाडून बसवण्यासाठी, लाकडाचं कोरीवकाम करण्यासाठी. हा माणूस संदेष्टा नव्हता, राजा नव्हता, कारागीर होता. ज्या देवाला नेटक्या जोडणीचं आणि चांगल्या फिनिशिंगचं इतकं कौतुक आहे, त्याच्या लेकराला एखादं उत्तम बनवलेलं यंत्र हातात घेऊन आनंद झाला तर त्यात जगिक काय आहे, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही. १ तीमथ्य ६:१७ मध्ये पौल श्रीमंतांना बजावतो की चंचल धनावर आशा ठेवू नका, आणि त्याच वाक्यात म्हणतो की देव आपल्याला सगळं विपुल देतो ते उपभोगासाठी. हे वाक्य आपण बहुतेक अर्धंच वाचतो. कडक माणसं पहिला अर्धा भाग वाचतात, हौशी माणसं दुसरा.

शिवाय मंडळी नव्या साधनांना घाबरत आली, ही समजूतही अर्धवट आहे. गुंडाळ्या बाजूला ठेवून पानं शिवलेली पोथी पहिल्या शतकांतल्या ख्रिस्ती लोकांनी इतरांपेक्षा फार लवकर आपलीशी केली. १४५५च्या सुमारास गुटेनबर्गच्या छापखान्यातून बाहेर पडलेलं मोठं पुस्तक बायबलच होतं. १८४४ मध्ये मोर्सच्या तारेवरून गेलेला पहिला अधिकृत संदेश बायबलमधल्या गणनाच्या पुस्तकातला होता. २००८ मध्ये आयफोनचं ॲप स्टोअर सुरू झालं, तेव्हा पहिल्याच दिवशीच्या ॲप्समध्ये यूव्हर्जनचं बायबल होतं. सासऱ्यांच्या हातातलं छापील बायबलसुद्धा कोणे एके काळी नवंकोरं गॅजेटच होतं. मात्र हे त्यांना वादात जिंकायला ऐकवू नका. त्यांच्याशी काय करायचं ते शेवटी सांगतो.

आता मला जे खरं सांगायचंय ते. प्रेषितांच्या कृत्यांच्या ५व्या अध्यायातली हनन्या आणि सप्पीरा यांची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. जमीन विकली, थोडे पैसे मागे ठेवले, आणि सगळेच आणल्याचं भासवून उरलेले प्रेषितांच्या पायांशी ठेवले. लोकांना वाटतं, पैसे ठेवून घेतले म्हणून ते मेले. पण पेत्र काय म्हणतो ते चौथ्या वचनात नीट वाचा: ती जमीन होती तोवर तुझीच नव्हती का, आणि विकल्यावर पैसेही तुझ्याच हातात नव्हते का? म्हणजे ठेवून घ्यायला मोकळीक होती, चूक होती ती खोटं दाखवण्यात. (तिथे नवरा-बायको निदान एकमेकांशी तरी खरं बोलत होते. आपल्याकडे तेवढंही नसतं.)

गॅजेटच्या आवडीचं अगदी हेच होतं. जी आवड घरात सगळ्यांसमोर असते, ती सहसा कुणाचं काही बिघडवत नाही. माझ्यासमोर भांडण घेऊन बसलेल्या जोडप्यांत फोन महाग होता हा मुद्दा पहिल्या पाच मिनिटांत संपतो. पुढचा तासभर चालतं ते असं: पार्सल ऑफिसच्या पत्त्यावर का मागवलं, किंमत कमी का सांगितली, हप्ते चालू आहेत हे बँकेच्या मेसेजवरून का कळावं, "हा जुनाच आहे" असं का म्हणालास. पत्नी वस्तूवर रागावलेली नसते. आपल्याला वगळून काहीतरी चाललंय, हे तिला लागलेलं असतं.

तेव्हा घड्याळाचं आज सांगा. ते यायच्या आधी, किमतीसकट, ऑर्डरचं पान उघडून. "सेलमध्ये स्वस्त मिळालं" हे वाक्य गिळून टाका. ती म्हणाली परत करा, तर ऑर्डर रद्द करण्याची सोय पार्सल निघेपर्यंत असते आणि बऱ्याच ठिकाणी नंतर परत करायचीही मुदत असते. रद्द झालेलं घड्याळ हे फार मोठं नुकसान नाही.

पुढच्या खरेद्यांसाठी एक व्यवस्था सुचवतो, बऱ्याच घरांत ती टिकलेली पाहिली आहे. महिन्याच्या हिशेबात अर्पण आणि घरखर्च बाजूला काढल्यावर नवरा आणि बायको दोघांना सारखी रक्कम, जिचा कुणी कुणाला हिशेब विचारायचा नाही. त्यातून तुम्ही हेडफोनसाठी साठवा, ती कशासाठीही साठवेल. रक्कम सारखी असली पाहिजे, तुमचा पगार जास्त असला तरी. त्या रकमेबाहेरचं काहीही घ्यायचं तर दोघांनी बसून ठरवायचं. लूक १४:२८ मध्ये प्रभू येशूने बुरूज बांधणाऱ्याचं उदाहरण दिलंय, जो आधी बसून खर्चाचा अंदाज घेतो. शिष्यत्वाची किंमत समजावायला दिलेलं उदाहरण आहे ते, खरेदीचा सल्ला नव्हे, हे मला माहीत आहे. पण बसून हिशेब करणाऱ्या माणसाला शहाणा म्हणायला हरकत नसावी.

फोनच्या बाबतीत एक व्यावहारिक प्रश्न दरवेळी विचारा: याला सुरक्षा अपडेट किती वर्षं मिळणार? गूगलने २०२३च्या पिक्सेल ८पासून आणि सॅमसंगने २०२४च्या गॅलेक्सी एस२४पासून सात वर्षांचं आश्वासन दिलंय. असा फोन तुमच्याकडे असेल तर दरवर्षी "आता बदलायलाच हवा" हे कारण उरत नाही. मग उरते ती निखळ हौस. हौस असू द्या, पण तिला गरज म्हणू नका. बॅटरी लवकर उतरत असेल तर नवीन बॅटरी बसवून घेतल्यावर जुना फोनही पुष्कळ चालतो, आणि हे आपल्यासारख्या हौशी लोकांना सगळ्यात आधी माहीत असतं आणि सगळ्यात शेवटी आठवतं.

लोभाविषयी एकच गोष्ट. दहावी आज्ञा शेजाऱ्याच्या वस्तूंविषयी आहे, म्हणजे डोळ्यांसमोर जे सतत दिसतं त्याविषयी. रिव्ह्यूचे व्हिडिओ म्हणजे रोज रात्री नवा शेजारी आपली खिडकी उघडी टाकून बसल्यासारखं आहे. खरेदीपूर्वी दोन-तीन रिव्ह्यू पाहणं शहाणपणाचं आहे. खरेदी करायचीच नसताना रात्री बारापर्यंत पाहणं याने हातातला चांगला फोन हळूहळू जुना वाटू लागतो, आणि त्यात त्या फोनचा काही दोष नसतो. तुमचं असमाधान कुठून सुरू होतं ते शोधायचं असेल तर दुकान सोडा, व्हिडिओ किती आणि कधी पाहता ते बघा.

आता प्रार्थनेच्या वेळचा फोन. इथे मी पूर्णपणे तुमच्या पत्नीच्या बाजूने आहे, आणि का ते नीट सांगतो. समजा, रात्री सगळे बसलेत. तुम्ही फोनवरून २३वं स्तोत्र वाचताय. "तो मला हिरव्या कुरणात" इथवर आलात आणि वरून एक पट्टी खाली सरकली: तुमचं पार्सल उद्या पोहोचेल. तोंड पुढचं वचन वाचतंय, कारण ते पाठ आहे. डोळे मात्र पार्सलवर. अंगठ्याने पट्टी वर ढकललीत, दोन सेकंदांचा खेळ. मोठ्यांना कळलं नसेल, पण समोर बसलेल्या मुलाने तुमचा अंगठा पाहिला.

यावर साधे उपाय आहेत. डू नॉट डिस्टर्ब किंवा फोकस मोड ठरावीक वेळी आपोआप सुरू होईल असा लावता येतो, दर संध्याकाळी आठवण ठेवायची गरज नाही. बायबलचं भाषांतर आधी डाउनलोड करून ठेवलं तर एअरप्लेन मोडवरही वाचता येतं. ई-इंकच्या, म्हणजे कागदासारख्या पडद्याच्या, साध्या वाचनयंत्रावर सहसा मेसेज येत नाहीत आणि डोळ्यांनाही त्रास कमी. हे सगळं करा. तरीही माझं मत असं की कुटुंबासोबतच्या वाचनाला कागदाचं पुस्तकच घ्यावं.

कागद जास्त पवित्र असतो म्हणून नव्हे. हातात छापील बायबल असलं की घरातल्या प्रत्येकाला कळतं तुम्ही काय करताय. हातात फोन असला की फक्त तुम्हालाच कळतं. तुम्ही यशया वाचताय की क्रिकेटचा स्कोअर बघताय, बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. अनुवाद ६:७ मध्ये मुलांच्या मनावर वचनं बिंबवायला सांगितलंय ते घरी बसताना, वाटेने चालताना, झोपताना, उठताना. म्हणजे मुलं बघून शिकणार, हे गृहीतच धरलंय. पहाटे उठून फोनवर मनन करणारा बाप आणि पहाटे उठून फोनवर नुसताच चाळे करणारा बाप, मुलाच्या डोळ्यांना एकच माणूस. तेव्हा एकट्याने अभ्यास करताना फोन खुशाल वापरा. शोध, संदर्भ, चार भाषांतरं शेजारी शेजारी, मूळ शब्दांचे कोश, हे सगळं खिशात असणं ही माझ्या गुरुजनांना स्वप्नातही न दिसलेली श्रीमंती आहे. फक्त शेजारून कुणी विचारलं तर "बघ, रोमकरांस ८ वाचतोय" म्हणून स्क्रीन दाखवता आली पाहिजे.

बायबल ॲपमधली सलग किती दिवस वाचलं ते दाखवणारी मोजणी मी बंद करायला सांगतो, किंवा निदान तिच्याकडे लक्ष देऊ नका म्हणतो. काहींना ती उपयोगी पडते, कबूल. पण एक दिवस चुकला म्हणून आकडा शून्यावर आला आणि त्या खट्टूपणात महिनाभर वाचनच सोडलं, अशी माणसं मला दरवर्षी भेटतात. श्राव्य बायबलला मात्र मनापासून शाबासकी. छापखान्याआधीच्या बहुसंख्य विश्वासणाऱ्यांनी वचन ऐकलेलंच आहे, वाचलेलं नाही. भांडी घासताना, प्रवासात, चांगले हेडफोन लावून मार्कचं शुभवर्तमान एका बैठकीत ऐकून पाहा, साधारण दीड तासात संपतं. तुकड्यांत वाचताना त्या लिखाणाची घाई कळत नाही, ऐकताना कळते.

एआयच्या चॅटबॉटला वचनं विचारत असाल तर प्रत्येक संदर्भ उघडून ताडून बघा. तो नसलेलं वचन अस्सल वाटेल असं सांगू शकतो, अध्याय आणि क्रमांकासह.

मुलांचं. इथे लोक माझ्याकडे नियमांची यादी मागतात आणि मी देत नाही, कारण जो नियम आईबाप पाळत नाहीत तो मुलांच्या लेखी नियम नसतो, शिक्षा असते. रात्री फोन झोपायच्या खोलीबाहेर चार्ज होणार असतील, तर सगळ्यांचे. तुमचासुद्धा, नवीन असला तरी. गजरासाठी साधं घड्याळ आणा. ॲपलचं स्क्रीन टाइम किंवा गूगलचं फॅमिली लिंक लावायचं असेल तर मुलाला शेजारी बसवून लावा: मला एवढं दिसेल, एवढी वेळ ठरली आहे, आणि का ठरली आहे. चोरून पाळत ठेवणारी ॲप्स घालू नका. तुम्ही त्याच्यापासून लपवलंत तर तो तुमच्यापासून लपवायला शिकेल, आणि तो तुमच्यापेक्षा हुशार निघेल. इफिसकरांस ६:४ मध्ये बापांना मुलांना चिडीस आणू नका असं सांगितलंय. पासवर्डच्या युद्धात हे वचन फार लवकर मोडतं. आणि त्यांच्यासोबत खेळा. गेमिंग कन्सोल दिवाणखान्यात असेल, बाप हरत असेल आणि मुलगी हसत असेल, तर तेही कौटुंबिक जीवनच आहे. त्यानंतर प्रार्थनेला बसा म्हटल्यावर कुरकुर बरीच कमी होते.

या बाबतीत कार्लो अकुटिस या मुलाचं उदाहरण मला आवडतं. १९९१ मध्ये लंडनमध्ये जन्म, वाढला मिलानमध्ये, २००६ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने पंधराव्या वर्षी गेला. कॉम्प्युटरवर त्याचा हात चालायचा, प्रभुभोजनाशी संबंधित चमत्कारांची माहिती गोळा करून त्याने वेबसाइट केली. प्लेस्टेशनही त्याला आवडायचं, आणि स्वतःसाठी त्याने आठवड्याला एक तास अशी मर्यादा ठेवली होती. ७ सप्टेंबर २०२५ रोजी कॅथलिक मंडळीने त्याला संत घोषित केलं. तुम्ही कॅथलिक नसाल, संतपदाविषयी तुमचं मत वेगळं असेल, तरी मुलांना हे जरूर सांगा. बहुतेक जण त्या एका तासावर थबकतात आणि म्हणतात, इतकं कमी? मला त्यातलं दुसरंच महत्त्वाचं वाटतं: त्याने कन्सोल सोडलं नाही, आणि मर्यादा त्याची त्यानेच घातली. बाहेरून लादलेल्या तासाला मुलं पळवाट शोधतात. तेव्हा दहा-बारा वर्षांच्या मुलाला आकडा सांगण्याऐवजी त्याला विचारून बघा की तुझ्या मते किती पुरे. तो बहुधा तुमच्या अंदाजापेक्षा कमी सांगेल, आणि मग दोन आठवड्यांनी वाढवून मागेल. तेव्हा बोलायला विषय मिळतो.

रविवारविषयी लांबण लावत नाही. शब्बाथ माणसासाठी झाला, हे मार्क २:२७ मधलं वाक्य दोन्ही बाजूंनी वाचावं. दिवसभर फोन बंद ठेवणं कुणाला विसावा देतं, कुणाला दूरच्या आईशी बोलता न आल्याची हुरहुर. तुमचं तुम्ही ठरवा. उपासनेत मात्र घड्याळ शांत ठेवा. मनगट थरथरलं की माणूस ते वळवून बघतोच, आणि संदेश देणाऱ्याला वाटतं की याला कंटाळा आला. व्यासपीठावरून सगळं दिसतं, विश्वास ठेवा. २ जानेवारी १९२१ रोजी पिट्सबर्गच्या कॅल्व्हरी एपिस्कोपल चर्चमधून केडीकेए केंद्राने रेडिओवर उपासना प्रसारित केली, त्या वेळी तंत्रज्ञांना गायकवृंदाचे झगे घातले होते, भाविकांचं लक्ष विचलित होऊ नये म्हणून. आमच्या तरुण तंत्रज्ञांना मी हे आवर्जून सांगतो. झगा घालायला कुणी तयार होत नाही, पण निदान केबल ओढत मधून चालत जाणं थांबलंय.

आणि जुन्या वस्तूंचं. नवीन घेतल्यावर जुनं मंडळीला "दान" करायची एक पद्धत आहे. फुटलेला स्क्रीन, चार्जर नाही, पासवर्ड आठवत नाही. मलाखीच्या पहिल्या अध्यायात देव विचारतो की लंगडं, आजारी जनावर आणता, तेच तुमच्या अधिकाऱ्याला नेऊन देऊन बघा बरं? आमच्या स्टोअररूममध्ये असे बरेच लंगडे लॅपटॉप आहेत. द्यायचंच तर चालू स्थितीतलं द्या, स्वतःच्या खात्यातून बाहेर पडा, सगळा डेटा पुसा, केबल सोबत द्या. फुगलेली बॅटरी तर कुणालाच देऊ नका, ती ई-कचरा घेणाऱ्यांकडेच जायला हवी.

राहिले सासरे. रोमकरांस १४ काढा. तिथे एक जण सगळं खातो, दुसरा फक्त भाजीपाला. पौल खाणाऱ्याला म्हणतो, न खाणाऱ्याला तुच्छ मानू नको. न खाणाऱ्याला म्हणतो, खाणाऱ्याचा न्याय करू नको. सासऱ्यांना त्यांची बाजू सांगायचं काम तुमचं नाही, तुमच्या वाट्याला पहिला अर्धा भाग आला आहे. त्यांच्यासमोर नवीन वस्तूचं प्रदर्शन मांडू नका, आणि त्यांनी टोमणा मारला तर गुटेनबर्ग काढू नका. पण त्यांचं वय पाहता बारीक अक्षरांचं बायबल त्यांना जड जात असणार. तुमचा जुना टॅबलेट स्वच्छ करा, त्यांना सवयीचं असलेलंच भाषांतर घाला, अक्षरं भरपूर मोठी करा, मोठ्याने वाचून दाखवायची सोय चालू करा. वापरायला दहा मिनिटं शिकवा आणि निघून या. वापरलं तर ठीक, नाही वापरलं तरी ठीक. फक्त त्यावर तुमचं खातं राहू देऊ नका, नाहीतर तुमच्या पुढच्या पार्सलची बातमी पत्नीच्या आधी त्यांना कळेल, तीही स्तोत्रसंहिता वाचताना.